उसना इटरेटर: हिंजवडीच्या होतकरूंसाठी सोपी कृती

टीममध्ये आपली किंमत कशी वाढवावी, हा प्रश्न रोज सकाळी वाकडच्या पुलाखाली इंजिन बंद करून बसलेल्या प्रत्येक तरुणाला पडतो. वेळेवर काम करून किंमत वाढत नाही, काम वाढतं. गोड बोलून वाढदिवसाची वर्गणी गोळा करायची जबाबदारी तेवढी अंगावर पडते. खात्रीचा उपाय एकच: कोडमध्ये असा एक कोपरा तयार करा, की तुमच्याशिवाय तिथे पाऊल टाकायला कोणी धजावणार नाही. पूर्वी यासाठी सी प्लस प्लस पुरायचं. आता रस्ट आहे, आणि रस्टमध्ये लाइफटाइम आहेत.

ही कृती निव्वळ नवशिक्यांसाठी आहे. साहित्य: एक लॅपटॉप, रस्टचा १.६५ किंवा त्यानंतरचा कंपायलर, ओळीओळीने वाचायची एक भलीमोठी लॉग फाइल, आणि स्वतः कोड लिहिणं केव्हाच सोडलेला मॅनेजर. शेवटचा जिन्नस फेज एकपासून फेज तीनपर्यंत कुठेही मिळतो.

१. दुखणं शोधा, पण मोजू नका.

रस्टमध्ये फाइल वाचायची सगळ्यांत सोपी रीत म्हणजे 'लाइन्स'. ती दर ओळीला नवी स्ट्रिंग बनवते, म्हणजे दर ओळीला मेमरीत नवी जागा मागते आणि काम झालं की सोडते. दुखणं खरं आहे, म्हणूनच ते कामाचं. स्टँडअपमध्ये गंभीर चेहऱ्याने म्हणा, "दर ओळीला हीप ॲलोकेशन होतंय." "मग?" असं कोणी विचारणार नाही. विचारणाऱ्यालाच ते काम मिळतं, हे सगळ्यांना अनुभवाने माहीत असतं. प्रोफायलर मात्र चुकूनही लावू नका. सगळा वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात जातोय असं निघालं, तर ही कृती इथेच संपेल.

२. मालकी समजून घ्या.

रस्टच्या मुळाशी एक बंद लिफ्ट आहे. २००६ साली व्हँकूव्हरमध्ये ग्रेडन होअर घरी आले, तर इमारतीची लिफ्ट सॉफ्टवेअर कोसळल्याने बंद. एकविसाव्या मजल्यापर्यंत जिने चढले आणि मेमरीच्या चुका होऊच न देणारी भाषा लिहायला बसले. मारुंजीच्या टॉवरमध्ये लिफ्ट बंद पडली तर आपण सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनला धारेवर धरतो. ज्याचा त्याचा स्वभाव.

मुळशी तालुक्यातल्या माणसाला रस्टची मालकी शिकायला क्लास लागत नाही. (हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं महसुली दप्तरात मुळशीचीच, आणि तहसील कचेरी पौडला. आयटी पार्कात पाच वर्षं काढलेल्यांनाही हे नवीन असतं.) सातबारा डोळ्यांसमोर आणा. भोगवटादार म्हणून मालकाचं नाव, 'इतर हक्क'मध्ये विकास सोसायटीचा बोजा. बोजा उतरत नाही तोवर जमीन विकायला गेलात की अडतं. रस्टमध्येही व्हॅल्यूला मालक असतो, बाकीचे सगळे उसने घेणारे, आणि उसनवारी चालू असताना मालकी दुसऱ्याच्या नावे करायला गेलात की ई०५०५ क्रमांकाची एरर. नुसतं बघायला कितीही जणांनी उसनं घ्यावं. बदल करायच्या हक्काने मात्र एका वेळी एकानेच, आणि तेवढा वेळ बघ्यांनीही बाहेर थांबायचं. फरक इतकाच, की इथे मालक एकच असतो, आपल्यासारखं एका गटाला चुलते, आत्या आणि त्यांचे जावई मिळून अर्धं गाव नसतं. आणि हे तपासणारा बॉरो चेकर चहापाण्याने वळत नाही. जमीन कोणाची आणि किती काळ, हा प्रश्न या तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या सत्याग्रहापर्यंत गेला होता. तेव्हा तुमचा पाया पक्का आहे.

लाइफटाइम म्हणजे उसनवारीची मुदत, एवढंच. टिक-ए, टिक-बी अशी नावं देतात. टिक-ए, कोलन, टिक-बी असं दिसलं तर वाचा: पहिली मुदत निदान दुसरीइतकी तरी पुरेल.

३. आहे त्या इटरेटरवर नाखूष व्हा.

इटरेटर हा ट्रेट, म्हणजे टाइपने पाळायचा करार, दिसायला गरीब आहे. मुळात 'आयटम' नावाचा एक टाइप आणि 'नेक्स्ट' नावाचं एक फंक्शन. नेक्स्ट म्हणताना इटरेटर बदलायच्या हक्काने उसना घ्यायचा, की हातात आयटम पडतो. खोच अशी, की आयटमचा टाइप इटरेटरमागे एकदाच ठरतो. नेक्स्टच्या त्या त्या हाकेची मुदत त्याला ठाऊकच नसते. म्हणून इटरेटर स्वतःच्या पोटातली वस्तू तुम्हाला उसनी देऊ शकत नाही. दुसऱ्या कोणाची, एखाद्या स्लाइसची वगैरे, खुशाल देतो.

ही चूक नाही, सोय आहे. आयटम इटरेटरपासून मोकळे असतात म्हणून तर 'कलेक्ट' म्हटलं की सगळे एका व्हेक्टरमध्ये जमा होतात. हे वाक्य मीटिंगमध्ये उच्चारू नका. फळ्यावर १, २, ३, ४ लिहा आणि तीन-तीनच्या खिडक्या आखा: पहिली १-२-३, दुसरी २-३-४. नुसत्या बघायच्या खिडक्या स्टँडर्ड लायब्ररीत आहेत, 'विंडोज' या नावाने. बदलायच्या खिडक्या नाहीत. कारण २ आणि ३ दोन्ही खिडक्यांत येतात, आणि दोन्ही आयटम एकाच वेळी जवळ ठेवायची मुभा दिली तर एकाच आकड्यावर दोघांचा बदलायचा हक्क लागतो. 'चंक्स म्यूट'मधले तुकडे एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून ते चालतात. इथे थांबा, पाणी प्या आणि सावकाश म्हणा, "स्टँडर्ड इटरेटर आपल्याला पुरणार नाही." खिडक्यांचा आणि लॉग फाइलचा काय संबंध, हे विचारायच्या आत दुसरी मीटिंग सुरू होते.

४. आता जेनेरिक असोसिएटेड टाइप आणा.

पूर्ण नाव घ्या. जीएटी म्हणालात तर मागे बसलेल्यांना जीएसटी ऐकू येतं आणि विषय भलतीकडे जातो.

करायचं इतकंच: आयटमलाच मुदत जोडायची. 'टाइप आयटम'पुढे कोनी कंसात टिक-ए. आता नेक्स्टच्या प्रत्येक हाकेला येणारा आयटम त्या हाकेच्या मुदतीचा. त्याच्याशी तुमचं काम संपल्याशिवाय पुढचा मागता येत नाही. म्हणजे इटरेटरच्या पोटात बफर एकच, प्रत्येक ओळ त्याच बफरमध्ये उतरणार, आणि तुम्हाला ती तेवढ्यापुरती उसनी मिळणार. याचं नाव लेंडिंग इटरेटर. स्टँडर्ड लायब्ररीत तो नाही, म्हणून तर तुमची गरज आहे.

थोडा इतिहास पाठ करा. प्रस्ताव क्रमांक १५९८, मांडला २०१६ मध्ये, मंजूर २०१७ मध्ये, आणि प्रत्यक्ष स्थिर झाला रस्ट १.६५ मध्ये, ३ नोव्हेंबर २०२२ रोजी. अगदी शेवटच्या टप्प्यातही, भाषा किचकट होईल म्हणून जाणत्या मंडळींनी हरकती घेतल्या होत्या. एस्टिमेट मागितलं की हा इतिहास कामाला येतो: "खुद्द रस्टच्या टीमला सहा वर्षं लागली. मी दोनच स्प्रिंट मागतोय."

५. कंपायलर म्हणेल ती अट लिहून द्या.

एवढं लिहून कंपाइल केलंत की तो अडवेल. आयटमवर एक अट राहिली आहे: 'व्हेअर सेल्फ, कोलन, टिक-ए'. अर्थ सरळ आहे. इटरेटर ज्या मुदतीसाठी उसनं देतोय, तेवढा काळ त्याने स्वतः तगलं पाहिजे, आणि त्याने पोटात दुसऱ्याकडून काही उसनं आणलं असेल तर तेही तगलं पाहिजे.

गंमत अशी, की अट कोणती हे कंपायलरला अक्षरशः माहीत असतं. कुठे लिहायची तेही तो दाखवतो. पण स्वतः लिहीत नाही. खाली टीप देतो, की ही अट सध्या आवश्यक आहे आणि आपलं मत ८७४७९ क्रमांकाच्या चर्चेत कळवावं. मत कळवू नका, अट लिहा. ती पुढे तुमचा गळा धरणार आहे, पण ते पायरी नऊमध्ये. आत्तापासून मन खट्टू करून घेऊ नका.

६. नको तिथेही मुदती लिहा.

फंक्शनमध्ये एकच रेफरन्स आत जात असेल, किंवा सेल्फच उसना घेतला असेल, तर बाहेर येणाऱ्याची मुदत कंपायलर समजून घेतो. लिहावी लागत नाही. तुम्ही लिहा. टिक-ए, टिक-बी, टिक-सी. चौथी आली की रिव्ह्यूअर खाली स्क्रोल करतो आणि मंजुरीचं बटण दाबतो.

७. फॉर लूप विसरा.

तो स्टँडर्ड इटरेटरलाच ओळखतो. 'व्हाइल लेट सम' लिहा आणि त्याला शैली म्हणा. मॅप, झिप, टेक, स्किप हे सगळं फुकट मिळत होतं, ते आता हाताने लिहा. कलेक्टच्या वाटेला जाऊच नका. सगळे आयटम एकत्र ठेवायचे नाहीत, याच बोलीवर हा संसार मांडलाय.

८. फिल्टर लिहून पाहा.

नेक्स्ट मागा. ओळ हवी तशी असेल तर ती परत द्या, नसेल तर पुन्हा नेक्स्ट मागा. यात कोणाचं काय बिघडतं? कंपायलर म्हणतो ई०४९९: बदलायच्या हक्काने एकाच वेळी दोनदा उसनवारी. तुम्ही कोड वरून खाली वाचाल, खालून वर वाचाल. चूक सापडणार नाही, कारण चूक नाहीच. एखाद्या फांदीत उसना आयटम फंक्शनबाहेर जातोय एवढं दिसलं, की आजचा बॉरो चेकर ती उसनवारी सगळ्याच फांद्यांत चालू आहे असं धरतो. ज्या फांदीत तुम्ही आयटम टाकून दिलात, तिथेही.

बरोबर कोड नाकारला जातो हे रस्टच्या कर्त्यांनाही मान्य आहे. त्यासाठी २०१८ पासून नव्या चेकरचं काम सुरू झालं, त्याचं नाव पोलोनियस. 'हॅम्लेट'मधला हा म्हातारा पोराला बजावतो, की बाबा रे, उसनं घेऊ नको आणि देऊही नको. तर उसनं देणारा आपला इटरेटर चालावा म्हणून आपण नेमक्या या गृहस्थांची वाट बघायची आहे.

रडू येणं स्वाभाविक आहे. ऑफिसात रडू नका. संध्याकाळी शिवाजी चौकात कॅबमध्ये रडा, तिथे पुरेसा वेळ मिळतो. डोळे पुसले की अनसेफ ब्लॉक उघडा, रेफरन्सचा पॉइंटर करा, पॉइंटरचा पुन्हा रेफरन्स करा. वर कॉमेंट टाका: "पोलोनियस आला की काढायचं आहे." या एका ओळीमुळे तुम्ही भाषेच्या पुढच्या वाटचालीत सामील आहात असा समज होतो, आणि तो तुम्ही दूर करायचं कारण नाही.

९. इतरांना वापरायला द्या आणि गंमत पाहा.

एक छोटं फंक्शन लिहा. कुठलाही लेंडिंग इटरेटर आत घ्यायचा आणि त्याचा प्रत्येक आयटम छापायचा. छापायला आयटमपाशी 'डीबग' हवं. पण कोणत्या मुदतीच्या आयटमपाशी? सगळ्याच. म्हणून अटीच्या सुरुवातीला 'फॉर टिक-ए' लिहायचं, म्हणजे मुदत कुठलीही घ्या, तिच्या आयटमला डीबग असलंच पाहिजे. वाचायला भारदस्त वाटतं. स्लाइडवर मोठ्या अक्षरांत टाका.

आता या फंक्शनला खरा इटरेटर द्या, ज्याने पोटात एक बफर उसना घेतलाय असा. एरर येईल, की हे उसनं पुरेसं जगत नाही, 'स्टॅटिक' हवं, म्हणजे प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकणारं. स्टॅटिक हा शब्द तर तुम्ही कुठेच लिहिला नव्हता! लिहिला होता, नकळत. 'मुदत कुठलीही' म्हणालात, त्यात सर्वांत लांबची मुदत स्टॅटिकही आली. आणि आयटमच्या मुदतीइतकं इटरेटरने तगायचं, हे पाचव्या पायरीवर तुम्ही लिहून दिलंत. दोन्ही कागद एकत्र ठेवले, की अजरामर इटरेटरच तेवढा छापता येतो. तुम्हाला म्हणायचं होतं: इटरेटर तगेल तेवढ्यातली कुठलीही मुदत. तसं सरळ म्हणायची सोय भाषेत नाही. बॉरो चेकरच्या सध्याच्या मर्यादांमुळे असं होतंय, अशी टीप कंपायलर नम्रपणे जोडतो. नम्रतेच्या बाबतीत त्याला तोड नाही.

यावर जाणकारांनी एक चोरवाट काढली आहे. आयटमची मुदत काढून ती एका वेगळ्या ट्रेटला द्यायची, आणि त्याच ट्रेटला कधीही न वापरायचा आणखी एक पॅरामीटर ठेवायचा. त्याची ठरलेली किंमत: त्या मुदतीचा, सेल्फकडे बोट दाखवणारा रेफरन्स. असा रेफरन्स नुसता लिहिलेला दिसला, तरी सेल्फ तेवढा तगतो हे कंपायलर न विचारता गृहीत धरतो. जी अट राजरोस लिहून फसलात, ती अशी मागच्या दाराने आत येते आणि छापायचं फंक्शन चालतं. या वाटेने गेलं तर जेनेरिक असोसिएटेड टाइपची गरजच उरत नाही. एवढं वाक्य मात्र स्लाइडवर नको.

१०. डेमोच्या आदल्या रात्रीच्या तडजोडी.

मॅनेजर विचारेल, की वेगवेगळ्या फाइलींचे वेगवेगळे इटरेटर एकाच व्हेक्टरमध्ये ठेवून चालवताना निवडता येतील ना? नाही येणार. जेनेरिक असोसिएटेड टाइप असलेल्या ट्रेटचा 'डिन', म्हणजे नेमका टाइप चालताना ठरणारा ऑब्जेक्ट, होत नाही. "पुढच्या क्वार्टरला बघू" म्हणा.

स्टॅटिकचा हट्ट सुटत नसेल तर 'बॉक्स लीक' आहे. मेमरीवर कायमचं पाणी सोडायचं, बदल्यात स्टॅटिक रेफरन्स मिळतो. प्रोसेस संपेपर्यंत ती जागा परत येत नाही, पण डेमो कुठे तेवढा चालतो! कोणी शहाणा म्हणालाच, की स्टॅटिकची अट म्हणजे मेमरी कायमची अडकणार, तर त्याला सर्वांसमक्ष दुरुस्त करा: साधी स्ट्रिंगही ही अट पाळते. टाइपवरची स्टॅटिकची अट 'कायम जगतं' असं म्हणत नाही, 'कोणाचं अल्पमुदतीचं उसनं जवळ बाळगत नाही' इतकंच म्हणते. हे अगदी खरं आहे. या कृतीत तुम्ही पूर्णपणे बरोबर असण्याचे प्रसंग मोजके आहेत, हा वाया घालवू नका.

आणि एखादी ओळ जवळ ठेवायचीच असेल, तर 'टू ओन्ड' लिहा. नवी स्ट्रिंग तीच, ॲलोकेशन तेच, जे वाचवायला आपण निघालो होतो. पण कोडमध्ये 'क्लोन' शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

११. एक गोष्ट कोणाच्या कानावर जाऊ देऊ नका.

स्टँडर्ड लायब्ररीत 'रीड लाइन' आहे. एक रिकामी स्ट्रिंग करायची, लूपमध्ये ती बदलायच्या हक्काने रीड लाइनकडे द्यायची, ओळ तपासायची, स्ट्रिंग 'क्लिअर' करायची, उत्तर शून्य आलं की थांबायचं. क्लिअर विसरलात तर नवी ओळ जुनीच्या शेपटाला चिकटते, पथ्य एवढंच. सगळं मिळून पाच-सहा ओळी. बफर एकच, दर ओळीला नवी स्ट्रिंग नाही, टिक-ए औषधालाही नाही. आणि हे रस्ट १.० पासून, म्हणजे मे २०१५ पासून तिथे आहे.

जेनेरिक असोसिएटेड टाइप वाईट आहेत असं मी म्हणत नाही. डेटाची नक्कल न करता तो जागच्या जागी वाचणारे डेटाबेस, पार्सर, इतरांसाठी लायब्ररी लिहिणारी माणसं यांना ते हवेच होते, आणि सहा वर्षं त्यांनी ज्या चिकाटीने वाट पाहिली तिला दाद द्यावी. तुम्ही लिहिताय ते लॉगमधल्या एररच्या ओळी मोजणारं टूल. पण तुम्हाला तरी टूल कुठे लिहायचं होतं?

१२. केटी द्या.

किंमत वाढली की माणूस कंपनी बदलतो. नव्वद दिवसांची नोटीस सुरू झाली की हा कोपरा कोणाच्या तरी गळ्यात बांधावा लागतो. केटीसाठी, म्हणजे कामाची माहिती सोपवायला, शुक्रवारी दुपारी चारची वेळ घ्या, तेव्हा निम्मी टीम ताम्हिणीला निघायच्या घाईत असते. व्हेअर क्लॉजपासून सुरुवात करा. फाइल वाचायची आहे, हे सर्वांत शेवटी सांगा. ऐकणाऱ्याने मान डोलावली की केटी पूर्ण झाली असा मेल पाठवून मोकळे व्हा.

क्वचित एखादी नुकतीच कॉलेजातून आलेली मुलगी हात वर करते. "सर, इथे नुसतं रीड लाइन चाललं नसतं का?" गडबडू नका. प्रश्न छान आहे म्हणा, आपण ऑफलाइन बोलू म्हणा, आणि त्याच संध्याकाळी तिला टेस्टिंगला पाठवायची शिफारस करा. कारणाच्या रकान्यात लिहा: मूलभूत संकल्पना अजून कच्च्या.